बाथरूमला कुठला रंग मारायचा? शेड कार्ड जरा बाजूला ठेवा

गणपतीच्या आधी घर रंगवून घ्यायचं ही आमच्या बेळगावची जुनी खोड. श्रावण लागला की पेंटर मिळत नाही, रंगाच्या दुकानात मशीनसमोर लाईन, आणि पाऊस काय थांबायचं नाव घेत नाही. हॉल-बेडरूमला चालून जातंय एकवेळ, बाथरूमला नाही. मी चार वर्षांपूर्वी हेच केलं. दुकानात ट्यूबलाईटखाली शेड कार्डवर एक फिकट हिरवा बघितला, डोळ्याला इतका गार वाटला की दुसरं काही बघितलंच नाही, डबा घेऊन घरी. मारून झाल्यावर आई दारात उभी राहून म्हणाली, "दवाखान्यात आल्यासारखं वाटालंय की रे." आणि दिवाळी यायच्या आत गिझरच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके. पुढचं सगळं असं पैसे घालवून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, बाथरूमचा निम्मा रंग तुमच्या टाईल्सनी आधीच ठरवलेला असतोय. बहुतेक घरात टाईल्स सात फुटापर्यंत गेलेल्या असतात, म्हणजे रंगाला राहतं काय तर वरचा दोन-तीन फुटाचा पट्टा आणि सिलिंग. म्हणून टाईल्सकडं नीट बघा. पांढऱ्या टाईल्सला पांढरंच म्हणू नका, काही पांढऱ्या दुधासारख्या पिवळट असतात, काही निळसर. ओळखायचं कसं तर साधा कोरा कागद टाईलला टेकवून बघायचा, लगेच कळतंय कुठल्या बाजूला झुकलीय ते. पिवळट टाईलच्या वर निळसर पांढरा रंग मारला की टाईल मळकी दिसते, मग घासत बसा, ती मळकी नसतेच मुळात.

रंग जमवायला मी आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरची साडी डोळ्यासमोर आणतो. अंग एका रंगाचं, काठ दुसरा, आणि काठाचा एखादा धागा अंगात आलेला असतोय म्हणून ते एकमेकाला धरून राहतंय. तसं टाईल्स म्हणजे अंग आणि वरचा रंग म्हणजे काठ. टाईलमध्ये जी डिझाईन असते, तिच्यातला सगळ्यात फिकट रंग उचला आणि तोच वर न्या. गडद उचलायचा मोह होतो पण डोक्यावर गडद पट्टा आला की पाच बाय सातचं बाथरूम विहिरीसारखं वाटतंय.

आता उजेड. आमच्याकडं जुन्या गल्ल्यांमधली घरं भिंतीला भिंत लागून, बाथरूम मागं परसाच्या बाजूला, खिडकी म्हणजे वीतभर झरोका. तिथं दिवसासुद्धा लाईट लावावी लागते, म्हणजे रंग खरा ठरवतो तो बल्ब. पाकिटावर ३००० के लिहिलेलं असलं तर उजेड पिवळट, ६५०० के असलं तर पांढरा-निळसर. पिवळ्या उजेडात राखाडी रंग ऊबदार वाटतो, तोच पांढऱ्या उजेडात सिमेंटसारखा रुक्ष दिसतो. त्यामुळं बल्ब बदलणार असाल तर आधी बल्ब बदला, मग रंग निवडा. उलटं केलं की पस्तावाल.

आरशाची गोष्ट तर कोणीच सांगत नाही. समोरच्या भिंतीचा रंग उजेडाबरोबर तुमच्या तोंडावर येतोय. माझ्या त्या हिरव्या बाथरूममध्ये दाढी करताना रोज वाटायचं कावीळ झालीय की काय! फिकट पीच, बदामी, सायीसारखा पांढरा असले रंग चेहऱ्याला बरे. हिरवा-निळा हवाच असेल तर आरशाच्या समोर नको, बाजूच्या भिंतीला घ्या आणि अगदी फिकट घ्या.

माझं विचाराल तर बोअरच्या पाण्याच्या घरात गडद रंग घेऊच नये. क्षाराचे शिंतोडे वाळले की पांढरे ठिपके पडतात, गडद भिंतीवर ते लांबून दिसतात. आणि खानापूरकडं, जिथं अंगणात तांबडी माती आणि पावसाळाभर चिखल, तिथं पांढराशुभ्रपण नको. मधला मार्ग म्हणजे कुंद्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावच्या दुधाच्या तपकिरी मिठाईच्या रंगात भरपूर दूध घातल्यासारखा बदामी. दुकानदार त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव सांगेल, तुम्ही कुंदा म्हणा. सिलिंगला मात्र पांढराच, कारण बुरशीचा पहिला ठिपका तिथंच येतो आणि तो वेळेवर दिसायला पाहिजे.

शेड कार्डवरचा चौकोन नखाएवढा, त्यावरून ठरवू नका. छोटा सॅम्पल डबा घ्या, एका मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि रात्रभर वाळू द्या. इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, ओलं असताना फिकट दिसतंय, वाळलं की एखादी छटा गडद होतं. मग पुठ्ठा टाईलच्या वर उभा धरून बघा, सकाळी, दुपारी आणि रात्री लाईट लावून. आडवा धरून बघू नका, उजेड वेगळा पडतो. घरातल्या सगळ्यांना बोलवा, आईला तर आधी.

रंग ठरला तरी भिंत तयार नसली तर सगळं वाया. वरच्या मजल्यावरून किंवा टेरेसवरून पाणी मुरत असेल तर आधी ते बंद करा, कुठलाही महागडा रंग ओल झाकत नाही, फुगे येऊन पापुद्रे सुटतात. जुनी बुरशी असली तर नुसती खरवडून वर रंग मारू नका, ती परत येते. एक भाग लिक्विड ब्लीच, तीन भाग पाणी करून लावा, पंधरा मिनिटं ठेवा, धुवा, आणि नीट वाळू द्या. हे करताना खिडकी-दार उघडं ठेवा, आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड चुकूनसुद्धा मिसळू नका, विषारी वायू होतो. पुट्टी, म्हणजे रंगाआधी भिंत सारखी करायचा लेप, व्हाईट सिमेंटची घ्या, पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओलीनं मऊ पडतं. नवीन गिलावा असेल तर निदान महिनाभर थांबा.

डिस्टेंपर बाथरूमला नको, वाफेनं भुकटी होऊन हाताला लागतं. ऑईल पेंट टिकतो, पण पांढरा ऑईल पेंट अंधाऱ्या खोलीत हळूहळू पिवळा पडतो. बुरशी न धरणारं, धुता येणारं इमल्शन घ्या, सॅटिन (मंद चकाकीचं) नाहीतर सेमी ग्लॉस (जास्त चकाकीचं). चकाकी जितकी जास्त तितकं पुसायला सोपं, पण भिंतीचे उंचवटेही तितकेच दिसतात, म्हणून जुन्या घराला सॅटिन बरं.

किती लागतो? पाच बाय सातचं बाथरूम, दहा फूट उंची, सात फुटापर्यंत टाईल्स धरली तर भिंतीचा पट्टा ७२ चौरस फूट आणि सिलिंग ३५, म्हणजे १०७. दरवाजा टाईल्सच्या उंचीतच संपतो, तो वजा करायचा नाही. दोन हातांना साधारण दोन लिटर पुरतंय. पेंटर एक हात मारून "साकु", म्हणजे कानडीत "पुरे", म्हणाला तरी ऐकू नका, दुसरा हात घ्याच, आणि दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेत तितके तास जाऊ द्या. वेळ निवडायची तर एप्रिल-मे, नाहीतर दिवाळीनंतर.

संपल्यावर उरलेल्या डब्याच्या झाकणावर शेडचा कोड आणि तारीख मार्करनं लिहून ठेवा. मी लिहिलं नव्हतं, म्हणून गिझरच्या वरचा तो कोपरा पुसून परत रंगवला तेव्हा नवीन हिरवा जुन्या हिरव्याला काही मिळाला नाही. शेवटी सगळंच खरवडून कुंदा मारला, आणि आई म्हणाली, "आता कसं, माणसाच्या घरातलं वाटालंय."