उकिरड्यात हरवलेलं हुडकायचंय? मग मेटल डिटेक्टर असा निवडा

वहिनीची अंगठी उकिरड्यात गेली हे कळलं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. गोठ्यातलं शेण काढताना बोटातून निसटली असणार आणि पाटीबरोबर गेली. आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, आणि गावाकडचा उकिरडा म्हणजे काय नुसतं शेण नसतंय, घरातला केर, चुलीची राख, गोळ्यांची रिकामी पाकिटं, दाढीची ब्लेडं, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, बांधणीची तार, सगळं तिथंच. माझ्याकडं तेव्हा नवीनच मशीन आलं होतं, अकरा इंची कॉईलचं, कॉईल म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, जी जमिनीवरनं फिरवायची. म्हटलं पाच मिनिटांचं काम. तर पाय टाकीन तिथं आवाज, एक थांबायच्या आत दुसरा, दोन तास हेच. शेजारचं पोरगं येऊन विचारतंय, "काय करालाय, बॉम्ब हुडकालाय का?"

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या मित्राची सहा इंची कॉईल मागवून घेतली आणि अर्ध्या तासात अंगठी हातात होती. चार बोटं खाली, एका वाकड्या खिळ्याला जवळजवळ चिकटून. मशीन तेच, जागा तीच, माणूस तोच, फक्त कॉईल बदलली. म्हणून जो कोणी मला विचारतो की कुठलं मशीन किती खोल जातंय, त्याला मी म्हणतो की कचऱ्याच्या जागेत खोली बघूच नका, दोन वस्तू शेजारी शेजारी असतील तर मशीन त्या वेगळ्या सांगतंय का ते बघा.

खरेदीच्या आधी एक काम करायचं, जिथं हुडकायचंय तिथं कचरा कसला आहे ते बघून यायचं. सोलापूरची गड्डा यात्रा उठल्यावर होम मैदानासारखी जागा घ्या, तिथं बुचं, अल्युमिनियमचा चंदेरी कागद, स्टॉलचे खिळे आणि पडलेली नाणी. पडक्या वाड्याच्या परड्यात खिळे, पत्र्याचे तुकडे, कड्याकोयंडे, म्हणजे जास्त करून लोखंड. शेतात तर कचरा नसतो असं वाटतं, पण उकिरड्याचं खत शेतातच जातंय ना, त्याच्याबरोबर खिळा पण जातो आणि जोडवं पण जातं. एक दोरी आणि एक चांगलं लोहचुंबक घ्या, जमिनीवरनं ओढत फिरवा, काय काय चिकटतंय त्यावरनं निम्मा अंदाज येतो.

आता कॉईल, आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवायला सांगेन. मोठ्या कॉईलखाली एकाच वेळी पाच-सहा वस्तू येतात आणि मशीनला त्यांची खिचडी ऐकू येते. लहान कॉईलखाली एक नाहीतर दोन. पाच-सहा इंचाची कॉईल खोलीत थोडी कमी पडते हे खरंय, पण उकिरड्यात किंवा मैदानात हरवलेली वस्तू सहसा वीतभरच्या आतच असते. अजून एक फायदा आपल्याकडं होतो, ज्वारी काढल्यावर रानात जी धसकटं राहतात त्यांच्यात मोठी कॉईल अडकते, वर उचलून फिरवावी लागते आणि तिथंच खोली गेली, लहान कॉईल मधनं मधनं जमिनीला धरून फिरते. तर मशीन घेताना पहिला प्रश्न हा, की या मॉडेलला लहान कॉईल मिळते का आणि इथं मिळते का. काही स्वस्त मशीनला दुसरी कॉईल बसतच नाही, ती घेऊ नका.

कॉईलचे प्रकार दोन ऐकायला मिळतील. कॉन्सेन्ट्रिकचं फील्ड, म्हणजे कॉईलखाली तयार होणारं चुंबकीय क्षेत्र, नरसाळ्यासारखं, खाली निमुळतं होत जातं. डीडी म्हणजे डबल-डीचं फील्ड सुरीच्या पात्यासारखं, कॉईलच्या मधोमध उभी पट्टी. आपल्या काळ्या मातीत डीडी बरी पडते, कारण ही माती बेसॉल्टच्या दगडातनं झालीय आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. खात्री करायची असेल तर ओढ्यातल्या वाळलेल्या वाळूत चुंबक फिरवा, काळी लव आल्यासारखे कण चिकटतात. ही माती स्वतःच मशीनला सिग्नल देते, कॉन्सेन्ट्रिक तिथं गोंधळते. पण डीडीची एक खोड आहे, सोड्याचं बूच चपटं लोखंड असल्यामुळं तिला ते कधी कधी चांगल्या धातूसारखं वाटतं. त्यावर उपाय पुढं सांगतो.

दुसरं म्हणजे रिकव्हरी स्पीड. एका वस्तूचा आवाज देऊन झाल्यावर मशीन दुसरीसाठी किती पटकन तयार होतंय, ते हे. जत्रेत हलगी ऐकलीय ना, चांगल्या वाजवणाऱ्याची टिपरी कितीही जलद पडली तरी प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, नवशिक्याची सगळी एकच घरघर होते, तसंच आहे हे. खिळा आणि अंगठी दोन इंचावर असतील तर हळू मशीन खिळ्याच्याच आवाजात अडकून राहतं आणि अंगठी गिळून टाकतं. माइनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स 800 मध्ये हे 1 ते 8 पर्यंत हातानं बदलता येतं, नोक्ताच्या लेजंडमध्येही बदलता येतं, एक्सपीचं ड्यूस तर यासाठीच नावाजलेलं आहे. स्पीड वाढवला की खोली थोडी कमी होते, होऊ द्या.

डिस्क्रिमिनेशन म्हणजे नको तो धातू गप्प करायची सोय, आणि नवीन माणूस इथंच फसतो. लोखंड बंद केलं म्हणजे लोखंड नाहीसं होत नाही, मशीन फक्त तोंड मिटून घेतं, आणि त्याच खिळ्याच्या सावलीत सोनं असेल तर त्याच्यासाठीही तोंड मिटलेलंच राहतं. त्यापेक्षा ज्या मशीनमध्ये लोखंडाचा जाड, घोगरा आवाज वेगळा ऐकू येतो ते घ्या, आयर्न ऑडिओ किंवा मल्टी टोन असं लिहिलेलं असतं. कानाला दोन-चार दिवसांत सवय होते, घोगऱ्या आवाजांच्या गर्दीत मधनंच एक टुण्णकन बारीक आवाज आला की हात आपोआप थांबतो.

आपल्याकडं अजून एक भानगड आहे जी परदेशातल्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. आपली हल्लीची एक आणि दोन रुपयाची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत, 83 टक्के लोखंड आणि 17 टक्के क्रोमियम. चुंबकाला चिकटतात, नदीच्या घाटावर पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात ती म्हणूनच. म्हणजे तुम्ही लोखंड पूर्ण बंद करून मैदानात फिरलात तर ही नाणी बऱ्याचदा ऐकूच येणार नाहीत. आणि सोन्याची बारीक अंगठी किंवा मंगळसूत्राची वाटी ही मशीनच्या पडद्यावर धातू ओळखायचा जो आकडा येतो त्यात तिथंच येते जिथं गोळ्यांच्या पाकिटाचं फॉइल आणि कॅनची कडी येते. त्यामुळं सोनं पाहिजे तर फॉइल उकरायलाच लागतंय, यातनं सुटका करून देणारं मशीन अजून तरी मी बघितलेलं नाही. बारीक साखळी तर सगळ्यात अवघड, मशीनला ती अख्खी साखळी म्हणून दिसत नाही, एकेक कडी दिसते.

फ्रिक्वेन्सीबद्दल थोडक्यात, म्हणजे मशीन जमिनीत सोडतं त्या लहरी सेकंदाला किती वेळा हलतात ते. 5-6 किलोहर्ट्झच्या आसपास चांदी-तांब्याच्या मोठ्या वस्तू चांगल्या लागतात, 15 आणि त्याच्या वर बारीक सोनं. बजेट असेल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन घ्या, काळ्या मातीत त्याचा फरक कळतो. बजेट कमी असेल तर नोक्ताचं सिम्प्लेक्स प्लस किंवा गॅरेटचं एस (Ace) 400 यावरही काम होतं, एक 12 किलोहर्ट्झचं, दुसरं 10 चं, फक्त लहान कॉईलसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. ग्राउंड बॅलन्स हातानं करता येत असेल तर उत्तम, कचरा नसलेली दोन फूट जागा शोधायची, कॉईल खालीवर करत माती मशीनला ओळखून द्यायची आणि मग सुरू करायचं. पाऊस पडून माती बदलली की परत करायचं.

काय घेऊ नये तेही सांगतो, कळकळीनं सांगतो कारण गावाकडं यात लोकांचे पैसे बुडालेले बघितलेत. हातात धरायच्या दोन अँटेना, शंभर मीटरवरनं फक्त सोनंच दाखवतो म्हणणारं यंत्र, हे काम करत नाही, कोणीही कितीही व्हिडिओ दाखवू दे. आणि पल्स इंडक्शन नावाच्या दुसऱ्या प्रकारचं मशीन खरं असतं, खोल जातं, पण त्याला लोखंड आणि सोनं यातला फरक नीट कळत नाही, खिळ्यांच्या जागेत ते म्हणजे दिवसभर खड्डेच.

मशीनइतकंच महत्त्वाचं पिनपॉइंटर, गाजराएवढं हातातलं छोटं यंत्र. खड्डा केल्यावर वस्तू मातीच्या कुठल्या ढेकळात आहे ते हे सांगतं, याच्याशिवाय चिकट काळ्या मातीत अंगठी हातात असूनही दिसत नाही. खणायला बाहेरचं महागडं हत्यार मागवायची गरज नाही, खुरपं बास, फक्त पिनपॉइंटर लावताना ते लांब ठेवा नाहीतर त्याचाच आवाज येत बसतो. काढलेली माती घ्यायला घमेलं प्लॅस्टिकचं, लोखंडी नको. हेडफोन घ्या, बारीक आवाज वाऱ्यात ऐकू येत नाही. जाड हातमोजे घाला, उकिरड्यात ब्लेड आणि काच असतेच, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा.

पैसे देण्याआधी दुकानात किंवा मित्राकडं ही परीक्षा घ्या. एका लाकडी फळीवर तीन खिळे आडवे ठेवा, त्यांच्या मध्ये पिवळं पाच रुपयाचं नाणं, ते निकेल-ब्रासचं असतंय, खिळ्यांपासून तीन-चार बोटं लांब. आता कॉईल दोन्हीकडनं फिरवा, मग फळी काटकोनात वळवून परत फिरवा. चारपैकी तीन वेळा नाण्याचा आवाज सुटा आला तर मशीन कामाचं. हळूहळू नाणं खिळ्याच्या जवळ न्या, कुठल्या अंतराला आवाज मरतो ते लक्षात ठेवा, तीच त्या मशीनची खरी ताकद.

जागेवर गेल्यावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती बारीक ठेवायचा ते, फुल्ल ठेवू नका, तीन चतुर्थांशावर आणा, गोंगाट निम्मा होतो. चालायचं हळू. बुचाचा संशय आला की कॉईल सिग्नलवरनं मागं मागं ओढा, बूच असेल तर कॉईलच्या टोकाला आवाज घोगरा होतो, नाणं किंवा अंगठी असेल तर शेवटपर्यंत स्वच्छ राहतो.

आणि परवानगी. स्वतःचं रान सोडून कुठंही जायचं तर जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी घ्या. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित जागेकडं मशीन घेऊन फिरकूच नका, परवानगीशिवाय तिथं खणणं गुन्हा आहे. गावाच्या जुन्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, काही पुरलेलं सापडलं तर 1878 चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. घरात ठेवून बसायचं नसतं, त्या वस्तूचा इतिहास त्या जागेशी बांधलेला असतो.

शेवटचं, निघालेला कचरा परत खड्ड्यात टाकू नका, पिशवीचा एक कप्पा त्यासाठीच ठेवा. आमच्या उकिरड्याच्या कोपऱ्यातनं मी महिनाभरात पाटीभर खिळे आणि तार काढून भंगारवाल्याला दिली, आणि मग त्याच जागेवर, जिथं आधी दहा वेळा कॉईल फिरवली होती तिथं, एक स्वच्छ आवाज आला. आईचं जोडवं होतं, लग्नातलं. तिला आठवतही नव्हतं कधी पडलं ते.