भरतीची तयारी घड्याळावर करताय? या चुका टाळा

विदर्भातल्या गावोगावी पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं-पोरी धावत असतात. आता बहुतेकांच्या मनगटावर दीड-दोन हजारांचं स्मार्टवॉच असतं. वस्तू कामाची आहे. पण त्यातले बरेचसे आकडे घड्याळ अंदाजाने काढतं. तो अंदाज जमिनीवर तपासून घेतला नाही, तर मैदानी चाचणीत मार्क जातात. पुरुषांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आणि महिलांना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारले तरच पूर्ण २० मार्क. तिथे चार-पाच सेकंदही महाग पडतात.

फोन घरी ठेवून अंतर मोजणं

स्वस्तातल्या बहुतेक घड्याळांत जीपीएस नसतं. फोन खिशात असेल तर ते फोनचं जीपीएस वापरतं. फोन घरी चार्जिंगला असेल, तर पावलं मोजून त्यांना पावलाच्या लांबीने गुणतं, आणि ही लांबी त्याने तुमच्या उंचीवरून धरलेली असते.

जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर टेप लावून १०० मीटर आखा, दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारा आणि पावलं मोजत धावा. सावकाश धावताना ८० पावलं पडली, तर एक पाऊल १२५ सेंटिमीटरचं. तोच मुलगा चाचणीच्या वेगाने धावला की साधारण ६० पावलांत रेघ ओलांडतो, म्हणजे पाऊल १६७ सेंटिमीटरचं. घड्याळात मात्र लांबी एकच भरलेली असते, मग दोन्हीकडे अंतर चुकणारच. अॅपमध्ये पावलाची लांबी भरायची सोय असेल तर रोजच्या धावण्याची भरा. चाचणीची वेळ या अंतरावर कधीच काढू नका.

जीपीएसच्या १६०० मीटरवर वेळ काढणं

फोन सोबत असला तरी २ टक्क्यांचा फरक सहज पडतो. १६०० चे २ टक्के म्हणजे ३२ मीटर, आणि ५:१० च्या वेगाने ते ६ सेकंद होतात. घड्याळाने अंतर जास्त धरलं असेल, तर तुम्ही १५६८ मीटरच धावलेले असता आणि ५:०५ बघून खूश होता.

उपाय जुनाच आहे: आखलेलं मैदान आणि स्टॉपवॉच. मैदानाचं माप आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरच्या रेषेवर घेतात. त्या रेषेच्या एक मीटर बाहेरून धावलात, तर दर फेरीला ६.२८ मीटर जास्तीचे पडतात. ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्यांत ते २५ मीटर होतात. गावातल्या २०० मीटरच्या मैदानावर आठ फेऱ्या माराव्या लागतात, तिथे ५० मीटर, म्हणजे जवळजवळ १० सेकंद. कितीतरी पोरं ‘टायमिंग उतरत नाही’ म्हणून हताश होतात, आणि प्रत्यक्षात ती १६५० मीटर धावत असतात.

आणखी एक. घराबाहेर पडल्या पडल्या स्टार्ट दाबून पळू नका. निंबाच्या, चिंचेच्या झाडाखालून बाजूला या, मोकळ्या आभाळाखाली थांबा आणि जीपीएसची खूण स्थिर झाली की निघा. नेट नसेल तर याला मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतात. नकाशा कोरा दिसला तरी अंतर नोंदलं जातं.

अर्ध्या रस्त्यात नोंद बंद पडणं

घरी येऊन नकाशा पाहिला, तर तुमची रेघ पांदण सोडून कुणाच्या तरी पऱ्हाटीतून सरळ गेलेली. याचा अर्थ स्क्रीन बंद होताच फोनने बॅटरी वाचवायला अॅप झोपवलं आणि मधलं वळण गेलं. सेटिंग्जमध्ये अॅप्स, मग तुमचं अॅप, मग बॅटरी असं जा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. लोकेशनची परवानगी ‘ऑल द टाइम’ ठेवा. ‘ऑटोस्टार्ट’ दिसलं तर चालू करा. धावताना बॅटरी सेव्हर बंद हवा. लाईन रात्रीच जाते, म्हणून फोन संध्याकाळीच चार्ज करून ठेवलेला बरा.

पट्टा सैल ठेवणं

घड्याळाच्या मागचा हिरवा उजेड कातडीखालच्या रक्तावरून हृदयाचे ठोके मोजतो. पट्टा सैल असला की घड्याळ हलतं आणि ठोक्यांऐवजी पावलांचा ठेका पकडतं. सावकाश धावतानाही १७० च्या आसपासचा आकडा अडकून बसला, तर हीच शंका घ्या. थांबा, मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. धावताना घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. हातावर गोंदण असेल तर त्यावर बांधू नका, गडद शाई उजेड शोषून घेते.

कमाल ठोके घड्याळ बहुधा २२० वजा वय असे धरतं. प्रत्यक्षात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक असतो. त्यात एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ ला जातो. शरीर थंड ठेवायला हृदयाला जास्त काम पडतं आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. तेव्हा घड्याळाने ठरवलेला ठोक्यांचा टप्पा, म्हणजे ‘झोन’, गाठायच्या नादी न लागता ऊन चढायच्या आत आटपा. गरगरलं, मळमळलं तर घड्याळ काहीही दाखवो, सावलीत बसा, अंगावर पाणी घ्या. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन लावा.

पावलांवर आणि कॅलरीवर विसंबणं

ट्रॅक्टरचे, फटफटीचे हादरे आणि कापूस वेचणारा हात, हे सगळं घड्याळाला पावलं वाटू शकतं. उलट डोक्यावरचं गाठोडं हाताने धरून वावरातून घरी आलात, तर हात हलत नाही आणि खरी पावलं सुटतात. १० हजारांचा आकडा तर १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला. भरतीच्या तयारीत त्याचा उपयोग नाही.

जेवणाचं अॅप ‘एक रोटी’ म्हणून शंभरेक कॅलरी धरतं. ८० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर पावणेतीनशेच्या घरात जाते, आणि झुणक्यावरचं एक मोठा चमचा कच्चं तेल वेगळ्या १२०. पीठ एकदा वजनकाट्यावर मोजा आणि स्वतःच्या घरची भाकर अॅपमध्ये नोंदवून ठेवा.

आजीचा बीपी घड्याळावर बघणं

घरात घड्याळ आलं की सगळेच हात पुढे करतात. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या कोणत्याही घड्याळाला आपण मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं. दंडाला पट्टा न लावता दाखवलेल्या बीपीवरून गोळी कमी-जास्त करू नका. आजीला उपकेंद्रात न्या, पाच मिनिटं शांत बसू द्या आणि दंडावर पट्टा बांधून मोजून घ्या.