फेअर व्हॅल्यूचं ऑडिट: कोकणात आर्टिकलशिप करणाऱ्यांसाठी

चिपळूण-रत्नागिरीकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी करायची उमेदवारी, म्हटलं की जीएसटी, टॅक्स ऑडिट आणि पतसंस्था, असा समज पक्का आहे. फेअर व्हॅल्यू परीक्षेपुरती वाचायची आणि सोडून द्यायची. पण लोटे-परशुरामच्या एमआयडीसीतला कारखाना लिस्टेड कंपनीची उपकंपनी निघाला, की तो लहान असला तरी त्याला इंड एएस, म्हणजे भारतीय लेखा मानकं, लागतात. अशाच एका ऑडिटवर मी हा विषय शिकले.

फेअर व्हॅल्यू कशी मोजायची ते सांगणाऱ्या इंड एएस ११३ चा गाभा एवढाच: ताळेबंदाच्या तारखेला, बाजारातल्या जाणकारांमध्ये, कुणावरही जबरदस्ती नसताना, मालमत्ता विकून किती मिळतील किंवा देणं दुसऱ्याकडे सोपवायला किती मोजावे लागतील. कंपनीच्या मनात काय आहे याचा इथे संबंध नाही. "हे शेअर आम्हाला विकायचेच नाहीत," असं अकाउंट्सवाले हमखास सांगतात. कुठली गुंतवणूक कुठल्या गटात बसवायची, त्या इंड एएस १०९ मधल्या वर्गीकरणाला ते उपयोगी पडेल, किंमत मात्र त्याने बदलत नाही. हापूसची पेटी चिपळुणात असेल आणि मुख्य बाजार वाशीचा असेल, तर वाशीच्या भावातून गाडीभाडं वजा होतं, विकण्याची दलाली होत नाही. शेअरला गाडीभाडं नसतं. म्हणजे बाजारभाव जसाच्या तसा, ब्रोकरेज वजा न करता.

किंमत बाजारात किती थेट दिसते, त्यावरून ११३ मध्ये तीन लेव्हल आहेत. भाव थेट दिसतो त्या लेव्हल १ वर फार वेळ घालवू नका. लिस्टेड शेअर, ३१ मार्चचा भाव गुणिले संख्या, संपलं.

लेव्हल २ मध्ये किंमत बाजारातल्या इतर दरांवरून काढायची असते. तिथे निर्यातदाराचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या दराने डॉलर विकायचे करार, येतात, आणि ते स्वतः मांडून बघाच. समजा कंपनीने जूनअखेर १ लाख डॉलर ८४ रुपयांनी विकायचा करार केलाय. ३१ मार्चला त्याच जूनअखेरचा फॉरवर्ड दर ८५.२० आहे. डॉलरमागे १.२० रुपये, म्हणजे १,२०,००० चा तोटा. पण तो तीन महिन्यांनी होणार, म्हणून ७ टक्क्यांनी आजच्या किमतीला आणायचा: साधारण १,१७,९०० रुपयांचं देणं. इथे आजचा स्पॉट दर धरायचा नाही, उरलेल्या मुदतीचा फॉरवर्ड दर धरायचा. बँक एमटीएमचं (त्या तारखेच्या बाजारभावाने कराराच्या किमतीचं) पत्र देते, ते फाइलला लावाच, पण त्या आकड्यापर्यंत आपण स्वतः पोचलो पाहिजे. देणं मोजताना ते देणाऱ्या कंपनीची पतही धरावी लागते. पत घसरली तर तिच्या देण्याची फेअर व्हॅल्यू कमी होते. ऐकायला उलटं वाटतं, पण अशा कंपनीकडून येणं असलेला कागद विकत घ्यायला कोण पूर्ण पैसे देईल, हा प्रश्न विचारला की पटतं.

खरी कसोटी लेव्हल ३ ची. अनलिस्टेड कंपनीचे शेअर, बाजारात भाव नाही. मॅनेजमेंट एका मूल्यांकनकाराचा जाडजूड रिपोर्ट पुढे ठेवते आणि आर्टिकल शेवटच्या पानावरचा आकडा जुळवून टिक मारतो. माझं स्पष्ट मत आहे की ते ऑडिटच नव्हे. दरवर्षी ५० लाख रोख कायम येत राहतील असं धरलं, तर १२ टक्के दराने किंमत सुमारे ४ कोटी १७ लाख येते. तोच दर १४ केला की ३ कोटी ५७ लाख. दोन टक्क्यांत ६० लाख गेले! म्हणून रिपोर्टमधला हा दर, म्हणजे डिस्काउंट रेट, कुठून आला, वाढीचा दर कुणी ठरवला, मागच्या वर्षीचा अंदाज प्रत्यक्षात किती उतरला, हे आधी विचारा. वयाने मोठ्या फायनान्स मॅनेजरला हे विचारायला संकोच वाटतो. "सर, हा दर कसा काढला ते मला समजून घ्यायचंय," असं म्हटलं की माणसं बसून सांगतात. आणि सांगता आलं नाही, तर तेही वर्किंग पेपरमध्ये लिहा आणि सीनियरच्या कानावर घाला. बाजारात न दिसणारी जी गृहीतकं वापरली ती, आणि ती बदलली तर किंमत किती हलते, हे नोट्समध्ये द्यावंच लागतं. ती नोट मागच्या वर्षीवरून उतरवलेली नाही ना, तेवढं जरूर तपासा.

येणी, बँकेचं कर्ज, डिपॉझिट यातलं बहुतेक अमॉर्टाइज्ड कॉस्टवर (बाजारभाव न धरता, मूळ रकमेत व्याज मिळवत आणि परतफेड वजा करत) बसतं. तिथे फेअर व्हॅल्यू लागलीच तर नोटपुरती.

वाचायचं कुठून? आधी १०९ मधलं वर्गीकरण, मग ११३, आणि शेवटी १०७ ची डिस्क्लोजर्स, म्हणजे नोट्समध्ये द्यायची माहिती. हातात एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या आणि त्यातला लेव्हलचा तक्ता शोधून ओळ न् ओळ ताळेबंदाशी जुळवा.