एकाच नळाचं पाणी, माठासाठी वेगळं आणि माशांसाठी वेगळं

नागपुरात प्रतापनगरला आमच्याकडे गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन पेंच नदीचं पाणी येतं. माठ त्याच नळावर भरतो, माशांची टाकीही. पण दोन्हींची गरज नेमकी उलटी. पिण्याच्या पाण्यातले जंतू मेले पाहिजेत, माशांच्या फिल्टरमधले जगले पाहिजेत.

हे माहीत नव्हतं तेव्हा मी स्पंज फिल्टर नळाखाली खसाखसा धुतला, अगदी स्वच्छ. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, गोल्डफिश वर येऊन धापा टाकायला लागले. दोन गेले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळातल्या क्लोरीनने तेच मरतात. नव्या टाकीत ते जमायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून एकदम दहा मासे आणू नका.

आता मी असं करते. आठवड्याला टाकीतलं चौथा हिस्सा पाणी बादलीत काढते आणि त्याच पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळते. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. स्पंज तपकिरी राहिला तरी चालतो, तोच त्याचा जीव आहे. भरायचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवते. घाई असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध, बाटलीवर लिहिलंय तेवढंच.

मे महिन्यात मात्र गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते कधीच घालू नका, पहाटेचं भरून ठेवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, म्हणून लाइट गेली की सगळ्यात आधी माझं लक्ष एअर पंपाकडे जातं. इन्व्हर्टर नसेल तर मगाने पाणी उंचावरून परत टाकीत सोडत राहायचं.

पिण्याच्या पाण्यासाठी प्युरिफायर घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. त्यासाठी लिटरला 500 मिलिग्रॅम ही भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा आहे. आमच्या नळाचा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी येतो, म्हणून क्षार काढणारा आरओ घेतला नाही. गाळणीची कॅंडल, कार्बन आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा पुरतो. यूव्हीचा दिवा वर्षाने बदलतो, उजेड दिसत असला तरी. बोअरचं पाणी जड असेल तर आरओ हवाच. फक्त टीडीएसचा आकडा कमी आला म्हणून पाणी निर्जंतुक समजू नका, मीटरला जंतू दिसत नाहीत.

आरओ असलेल्या घरी एक चूक हमखास होते, ‘शुद्ध आहे’ म्हणून तेच पाणी टाकीत ओततात. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि मासे ताणात येतात. आरओतून वाया जाणारं पाणीही टाकीत नको, कूलरमध्ये तर नकोच, वाळ्यावर पांढरा थर धरतो. ते फरशी पुसायला घ्या. माशांच्या टाकीतलं काढलेलं पाणी मात्र मी तुळशीला घालते. नायट्रेट तिला खताचंच काम देतं.