लाजाळू मुलाचा प्रसंग स्टोरीबोर्डवर कसा बांधायचा

रोमँटिक कॉमेडी ॲनिमेच्या ढंगात काही करायला घेतलं, की नवशिके आधी हिरोचे गाल लाल करतात आणि कपाळावर घामाचा थेंब काढतात. मुलगा लाजतोय हे कळतं, पण पुढे काही घडत नाही. तेव्हा आधी त्याला आणि त्याला आवडणाऱ्या मुलीला मिळून एक काम द्या, मध्येच टाकून पळता येणार नाही असं.

जपानी शाळेत ते आयतंच मिळतं. ‘निच्चोकु’ म्हणजे त्या दिवशीची वर्गाची पाळी, बऱ्याचदा शेजारी बसणाऱ्या दोघांवर येते. तासांच्या मध्ये फळा पुसायचा, शाळा सुटल्यावर खिडक्या लावायच्या, वर्गाची रोजवही भरून शिक्षकांच्या खोलीत द्यायची. रिकामा वर्ग, दोन माणसं, एक वही. त्या वहीत ‘आजचा दिवस कसा गेला’ अशा अर्थाचा रकाना असतो, आणि खरा प्रसंग तिथेच आहे. तो एक ओळ लिहितो, खोडतो, ‘पाऊस होता’ एवढंच ठेवतो. ती वही ओढून घेते आणि खोडलेलं वाचायला कागद उजेडात धरते. इथे संवाद घालू नका.

महिना ठरवल्याशिवाय चित्र काढू नका. तिकडे शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं; जूनमध्ये पावसाळा, आणि १ जूनच्या सुमारास उन्हाळी गणवेश. जूनच्या प्रसंगात जाड कोट दिसला की जाणकार लगेच पकडतात. हिरोला खिडकीकडच्या रांगेत मागे बसवा, म्हणजे भोवतीची मुलंही कमी काढावी लागतात.

आता वेळ. तीन मिनिटांच्या प्रसंगाला साधारण ३५ कट, म्हणजे एका दृश्यकोनातून सलग दिसणारे तुकडे, पुरतात. स्टोरीबोर्ड म्हणजे प्रसंगाची चौकटीचौकटीने काढलेली कच्ची चित्रं; त्याच्या कागदावर सहसा पाच चौकटी असतात. काही कटना दोन-दोन लागतात, म्हणून आठ ते दहा पानं धरा. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी तीन फ्रेमना एक चित्र धरलं, तर हालचालीच्या सेकंदाला आठच चित्रं लागतात. तीन सेकंदांची शांतता एका स्थिर चित्रावर निघते. मेहनत तिथे वाचवा आणि वही ओढणाऱ्या हातावर खर्च करा. मनातलं बोलणं सगळं मिळून दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा. चित्रात दिसतंय तेच तो मनात सांगत असेल, तर ते वाक्य कापा.

मराठीत लिहिताना एक पेच येतो. आपल्याकडे वर्गातली मुलं पहिल्या दिवसापासून ‘तू’वर असतात, त्यामुळे अंतर सर्वनामातून दिसत नाही. ते नावात ठेवा: सुरुवातीला आडनाव आणि ‘सान’, हा नावामागे लागणारा जपानी आदरार्थी शब्द. नुसत्या नावाने हाक मारणं बऱ्याच भागांनंतर, आणि तेही चुकून.

प्रसंग फसतो तो बहुधा मुलीमुळे. तिला स्वतःचं काहीच नसतं, ती नुसती हसते. तिला घाई द्या: क्लबचा सराव, चुकणारी ट्रेन. मग वहीसाठी थांबलेली तिची दोन मिनिटं बोलतात. अडखळून अंगावर पडण्याचा विनोद टाळा, तो अपघात झाला, लाज नव्हे. आणि ‘कोकुहाकु’, म्हणजे समोर उभं राहून दिलेली कबुली, १२ भागांच्या मालिकेत शक्यतो अकराव्याआधी नको. त्या कबुलीला होकार मिळाला की दोघं रीतसर जोडी ठरतात, आणि चुकामुकीवर चालणारी गंमत तिथेच संपते.

शेवटी आवाज बंद करून सगळे कट क्रमाने चालवा. कोण कोणाकडे बघायचं टाळतंय हे कळलं नाही, तर चेहरे तसेच ठेवून नजरा बदला.