बोलणी बसवायची कशी: कोफी अन्नान यांची नैरोबीतली रीत

संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस, घानाचे कोफी अन्नान यांनी हयातीचा मोठा भाग संयुक्त राष्ट्रांत घालवला. पण मध्यस्थी शिकायची असेल तर त्यांच्या भाषणांपेक्षा केनियातल्या २००८ च्या जानेवारी-फेब्रुवारीचा क्रम पाहावा. २७ डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर अध्यक्ष मवाई किबाकी आणि विरोधी नेते रायला ओडिंगा या दोघांनीही विजयाचा दावा केला होता. दंगलीत हजारावर माणसे मेली, लाखो विस्थापित झाली.

पहिले काम खोलीबाहेरचे. मध्यस्थ एकच हवा. दुसरे दार उघडे राहिले की नाराज पक्ष तिकडे धावतो, आणि इथली अट तिथे सैल करून मागतो. नेमणूक आफ्रिकी संघाची होती, सोबतीला टांझानियाचे माजी अध्यक्ष बेंजामिन मकापा आणि मोझांबिकच्या माजी मंत्री ग्रासा मशेल होत्या. बाहेरच्या देशांनी दबाव आणावा, पण तो याच मेजामार्फत, असा अन्नान यांचा आग्रह होता. २२ जानेवारीला ते नैरोबीत उतरले आणि २४ ला दोन्ही नेत्यांचे हस्तांदोलन लोकांसमोर घडवले. त्याने काही सुटत नाही, पण खालच्या कार्यकर्त्यांना बोलायची मुभा मिळते.

मग मेज. दोन्ही बाजूंचे मोजके, अधिकार असलेले वाटाघाटी करणारे घ्यावेत, नेत्यांना रोज बसवू नये. नेता एकदा ‘नाही’ म्हणाला की त्याला माघार घेणे जड जाते.

विषयपत्रिकेचा क्रम हा खरा कसबाचा भाग. १ फेब्रुवारीला चार विषय ठरले: हिंसा थांबवणे, विस्थापितांना मदत आणि सलोखा, सत्तेचा पेच, आणि शेवटी जमीन, गरिबी, राज्यघटना असे जुने प्रश्न. पहिल्या तिघांना ७ ते १५ दिवस, चौथ्याला एक वर्ष. सोपे आधी घेतले की सह्या करायची सवय लागते. अवघड विषय मात्र पत्रिकेबाहेर ठेवू नये. तो यादीत दिसला नाही तर तक्रारदार पक्ष उठून जातो.

‘कोण जिंकले?’ हा प्रश्न मेजावर सुटणारा नव्हता. तो स्वतंत्र चौकशी समितीकडे दिला आणि चर्चा ‘आता राज्य कसे चालवायचे’ याकडे वळवली. त्यासाठी १२ फेब्रुवारीच्या सुमारास सगळ्यांना त्साव्हो राष्ट्रीय उद्यानातल्या किलागुनी लॉजवर नेले. पत्रकार दूर, आणि संयुक्त सरकार कसे चालते ते सांगायला एक जर्मन मंत्री हजर.

चूक इथेही झाली. मेजावर ठरण्याआधीच अन्नान खासदारांपुढे दोन्ही पक्षांच्या दोन वर्षांच्या संयुक्त सरकाराबद्दल बोलले आणि सरकारपक्षाच्या मार्था करुआ यांनी लगेच हरकत घेतली. न ठरलेली गोष्ट मध्यस्थाने बाहेर उच्चारली की ती त्याचीच बाजू ठरते.

गाडी अडली तर? २६ फेब्रुवारीला अन्नान यांनी वाटाघाटींचे मेज स्थगित केले. हा डाव एकदाच चालतो, आणि पुढची जागा तयार असेल तरच. ती होती: किबाकी व ओडिंगा समोरासमोर, सोबत मकापा आणि टांझानियाचे तेव्हाचे अध्यक्ष जकाया किक्वेते, जे आफ्रिकी संघाचेही अध्यक्ष होते. टांझानियात अध्यक्ष आणि पंतप्रधान एकत्र कसे नांदतात, हे किक्वेतेंनी स्वतः सांगितले. सुमारे पाच तासांत, २८ फेब्रुवारीला, सत्तावाटपाच्या करारावर सह्या झाल्या: किबाकी अध्यक्ष, ओडिंगा पंतप्रधान.

मसुद्यात मात्र एक कलम पक्के हवे: पद काढून कोण घेऊ शकतो. पंतप्रधानाला फक्त संसदच बहुमताने हटवू शकेल असे लिहिले गेले आणि त्याला घटनेचा आधार दिला. खातेवाटप मोघम राहिले, म्हणून शपथविधी १७ एप्रिलपर्यंत लांबला आणि मंत्रिमंडळ ४० जणांचे झाले.

हीच रीत सिरियाच्या यादवीत चालली नाही. २०१२ मध्ये तिथे मध्यस्थ असलेल्या अन्नान यांची सहा कलमी योजना होती, पण संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषदच दुभंगलेली. म्हणजे पहिलीच पायरी, एकच दार, तिथे नव्हती. अन्नान यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा जाहीर केला.