कोकणातल्या दमट हवेत मॉडेल रंगवायला एअरब्रश कसा निवडावा

जुलैतली दुपार, रत्नागिरीतली आमची पडवी, बाहेर पागोळ्या लागलेल्या. सी हॅरियर विमानाच्या मॉडेलच्या डाव्या पंखावर मी गडद करड्या रंगाचा शेवटचा थर देत होतो. १९८३ साली आपल्या नौदलात आलेलं आणि २०१६ साली निवृत्त झालेलं हे विमान १/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात केलं, तर पंख करंगळीहूनही आखूड होतो. थर छान सारखा बसत आला होता, तेवढ्यात एअरब्रश (हवेच्या जोराने रंग फवारणारं पेनासारखं साधन) फुर्र करून थुंकला. पाण्याचा टपोरा थेंब पंखावर पडला, त्याच्याभोवतीचा रंग सरकला आणि मधे नखाएवढा खड्डा उरला. पंख घासून पुन्हा प्रायमरपासून, म्हणजे अस्तराच्या थरापासून सुरुवात करावी लागली. मी दोष ब्रशला दिला आणि दुसरा, महागाचा ब्रश आणला. पुढच्याच आठवड्यात तोही थुंकला.

पाणी ब्रशमधून येत नव्हतं, हवेतून येत होतं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी सांगतो, आपल्या किनाऱ्यावर आधी हवेची सोय बघा आणि ब्रश मागाहून निवडा.

पायरी १ : हवा कोरडी कशी मिळेल ते ठरवा

३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. आर्द्रता ८० टक्के असेल, तर तेवढ्या हवेत २४ ग्रॅम पाणी आधीच आहे. कॉम्प्रेसरने (ब्रशला हवा पुरवणाऱ्या पंपाने) ही हवा चौथ्या हिश्श्याच्या जागेत कोंबली की पाणी तेवढंच राहतं, पण मावायला जागा मात्र पाव उरते. हवा निवली की दोन तृतीयांशाहून जास्त वाफेचं पाणी होतं. ते टाकीत साचलं तर ठीक, नळीत साचलं तर ते मॉडेलवर येणार.

म्हणून टाकीचाच कॉम्प्रेसर घ्या. छंदासाठी ३ लिटरची टाकी पुरते. बिनटाकीचे छोटे कॉम्प्रेसर स्वस्त असतात, पण ते सतत चालतात आणि तापतात. त्यांची गरम हवा वाफ घेऊन नळीत शिरते, तिथे निवते आणि थेंब धरते. शिवाय पंपाचे हिसके थेट ब्रशपर्यंत पोचतात. टाकीवाला कॉम्प्रेसर प्रेशर भरलं की आपोआप थांबतो. रात्री घरात माणसं झोपलेली असताना ही शांतता फार मोलाची.

टाकीवर रेग्युलेटर (प्रेशर कमी-जास्त करणारा) आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) एकत्र बसवलेला असतो. तो हवाच, पण एवढ्यावर थांबू नका. तिथून निघणारी हवा अजून कोमट असते, तिच्यातलं उरलेलं पाणी पुढे नळीत सुटतं. ब्रशच्या अगदी खाली बसणारा अंगठ्याएवढा दुसरा ट्रॅप मिळतो, तो जोडा. थोडी लांब नळी घेतली तर हवेला निवायलाही वाव मिळतो. पावसाळ्यात मी दर पंधरा-वीस मिनिटांनी ट्रॅपची काच उजेडाकडे धरून बघतो. तळाशी पाणी दिसलं की खालची पिन दाबून सोडून देतो.

काम संपलं की टाकीच्या तळाचा स्क्रू सैल करून टाकी रिकामी करायची. थोडं प्रेशर असतानाच स्क्रू हळूहळू सोडा, म्हणजे पाणी जोरात बाहेर पडतं. पहिल्यांदा केलंत तर चहासारखं तांबूस पाणी बघून दचकाल. तो आतला गंज. खाऱ्या वाऱ्यात आपली लोखंडी गेटं टिकत नाहीत, तर ओली ठेवलेली टाकी कशी टिकेल?

पंक्चरवाल्याकडचा जुना कॉम्प्रेसर घे, असा सल्ला कोणीतरी देतंच. त्या हवेत बहुधा तेलाचे बारीक कण असतात. तेलावर ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा रंग) बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग उठतात.

पायरी २ : काय रंगवणार ते ठरवा

जवळपास प्रत्येक गावात गणपतीची शाळा असते, त्यामुळे कॉम्प्रेसर आणि गन आपल्याला नवीन नाहीत. पण मूर्तीवर पीतांबराचा रंग भरणारी गन मोठ्या तोंडाची असते. दोन फुटी मूर्तीला ती शोभते, १/७०० मापाच्या जहाजाला ती रंगाने न्हाऊ घालेल. मॉडेलसाठी नोझलचं, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या तोंडाचं माप असं धरा: ०.२ मिमी बारीक छटांसाठी, ०.३ ते ०.३५ रोजच्या कामासाठी, ०.५ प्रायमर, वार्निश आणि मोठ्या पृष्ठभागासाठी.

पहिला ब्रश ०.३ किंवा ०.३५ चाच घ्या. ०.२ चा मोह होतो, पण त्यातून ॲक्रिलिक वारंवार नोझलमधल्या सुईच्या टोकावर वाळून अडकतं आणि नवशिक्याचा अर्धा वेळ साफसफाईत जातो. मोठी जहाजं किंवा १/३५ चे रणगाडे करणार असाल, तर दुसरा ब्रश ०.५ चा.

पायरी ३ : ब्रशचा प्रकार

सिंगल ॲक्शनमध्ये बटण दाबलं की हवा आणि रंग एकदमच सुटतात, रंगाचं प्रमाण आधी ठरवून ठेवावं लागतं. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. बोटाला वळण लागायला आठ-दहा बैठका लागतात, पण विमानाच्या पॅनेल रेषेवर, म्हणजे पत्र्यांच्या जोडावर सावली धरायची तर हाच लागतो. पहिल्यापासून डबल ॲक्शनच घ्या.

रंगाचा कप वर असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड घ्या. रंग आपल्या वजनाने उतरतो, १५ ते २० पीएसआय (दाबाचं एकक) प्रेशरवर काम होतं आणि चार थेंब रंगही पुरतो. खाली बाटली लावायच्या प्रकारात रंग खेचायला जास्त प्रेशर लागतं, तो मोठ्या कामाचा.

पायरी ४ : सुटे भाग आणि आटे

नोझल हा सगळ्यात नाजूक भाग. काही ब्रशमध्ये ते तांदळाच्या कणीएवढं असतं आणि सूक्ष्म आट्यांवर बसतं. पान्याला अर्धा पीळ जास्त पडला की तुटून आट्यासकट आत अडकतं. इवाटा कंपनीच्या एक्लिप्समध्ये किंवा हार्डर अँड स्टीनबेकच्या इव्होल्यूशनमध्ये नोझल आट्यांशिवाय नुसतं बसतं. नवशिक्या हाताला हीच रचना बरी.

पैसे देण्याआधी विचारा: याचं नोझल आणि सुई सुटी मिळते का? किती दिवसांत येते? उत्तर गुळमुळीत असेल तर ब्रश कितीही देखणा असो, सोडून द्या. लॅकर (थिनरमध्ये विरघळणारा रंग) वापरणार असाल तर सील टेफ्लॉनचे आहेत ना, तेही विचारा. साधं रबर थिनरने फुगतं. नळीचे आटे तपासा. बहुतेक ठिकाणी १/८ बीएसपी (आट्यांचं एक ठरलेलं माप) चालतात, पण बॅजर आणि पाशे या कंपन्यांचे आटे वेगळे असतात, त्यांना ॲडाप्टर लागतो.

पायरी ५ : हातात घेऊन परीक्षा

कपात पाणी आणि फाउंटन पेनच्या शाईचे दोन थेंब टाका. कागदावर ठिपक्यांची ओळ काढा. ठिपके गोल आणि सारखे यायला हवेत. फवारा एका बाजूला झुकत असेल, तर सुई वाकलेली आहे किंवा नोझल फाटलंय. सुई बाहेर काढून काचेवर लोळवा, टोक वाकडं असेल तर लगेच डुगडुगतं. हवा सोडल्यावर कपात बुडबुडे आले, तर नोझलच्या बैठकीतून हवा गळते आहे. शेवटी दोन सेंटिमीटरवरून पेन्सिलीएवढी रेष ओढून बघा. ट्रिगर मागे नेताना कुठे अडखळता कामा नये.

पायरी ६ : पावसाळ्याचं पथ्य

चकचकीत लॅकर आषाढ-श्रावणात मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका पडदा येतो. थांबणं शक्यच नसेल तर थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला आणि थर अगदी पातळ ठेवा. ॲक्रिलिकला हा त्रास कमी, पण ते वाळायला वेळ घेतं. पुढच्या थराची घाई नको. रंग कुठलाही असो, सेंद्रिय वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क लावा. कापडी मास्कातून थिनरची वाफ आरपार जाते.

ब्रश धुऊन पुसून, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ट्रिगरखालची स्प्रिंग गंजायला आपल्याकडे एक पावसाळा पुरतो.